समुद्र नसला तरी ढिवर आहेत

एका दादांनी लिहिलंय की कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होड्या न काढणं ही नुसती श्रद्धा, त्यात ज्ञान कसलं? मी गोंदिया जिल्ह्यातला, समुद्र दोनदाच पाहिलेला. तरी पटलं नाही.

समुद्रात यांत्रिक होड्यांवर राज्य सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. हा पावसाचा, बऱ्याच माशांच्या विणीचा काळ, आणि नारळी पौर्णिमाही त्याच्याच आगेमागे येते. कोळ्यांची ही चाल कायद्याहून जुनी.

आमच्याकडे मामा तलाव आहेत (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचे; मामाचे नव्हेत!). गावातला एक म्हातारा ढिवर (आमच्याकडचा मासेमार समाज) पाण्यावर मरळ माशाच्या पिलांचा लालसर पुंजका दिसला की तिकडे गळ टाकू देत नसे. म्हणे, "मायबाप खालीच राखण करून रायले." मरळ पिलांची राखण करते, हे पुस्तकात मी फार नंतर वाचलं.

तलावात बेशरम (एक चिवट तण) माजली, पाणवनस्पती गेल्या, की देशी मासेही जातात. म्हणून अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी उन्हाळ्यात कोरडा पडलेला भाग नांगरून बेशरम काढली, पावसात पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे त्यांना तोंडपाठ. मच्छीमारांच्या सोसायटीत मात्र चर्चा रोहू-कटल्याच्या बीजाचीच, कारण वजन त्यालाच भरतं.

कोकणातही असंच होत असणार. बंदीच्या तारखा ठरवताना कोळणींना कोणी विचारतं का, तिकडच्यांनी सांगावं.