मदत हवी आहे: पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर जरा वेगळे गेम सुचवा

नमस्कार मंडळी, घणसोलीत राहतो. ‘हॉरायझन’, ‘स्पायडरमॅन’, ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ खेळून झाले. दिसायला एक नंबर, पण सगळे एकाच साच्यातले. खांद्यामागून कॅमेरा, खुणा केलेल्या कपारी धरून चढा, फटीतून अंग चोरून पलीकडे जा. रॅग्नारोकमध्ये तर कोडं नीट बघायच्या आत नायकाचा मुलगा अट्रेयस उत्तर सांगून मोकळा!

पैशाचं गणित कळतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांत ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर निघाला. एवढे ओतल्यावर प्रयोग कोण करणार? तरी २०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ने चक्क पार्सलं पोचवायला लावली. पाठीवर खोक्यांची चळत, समोर नदी, पाय घसरला की माल वाहून गेला. जाम आवडला. ‘रिटर्नल’ झेपला नाही. मेलं की पुन्हा पहिल्यापासून, ऑफिसहून आल्यावर कोणाला जमतं?

मोठ्या बजेटचं पण असं धाडसी अजून काय आहे? वाशी-ठाण्याकडे वापरलेल्या डिस्क कोणी देत-घेत असेल तर तेही कळवा. ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ नको, तो पोरीने ताब्यात घेतलाय.