चोवीस डिसेंबरला दूध संपले तेव्हा : परदेशातील नाताळाचे अनुभव

खिडकीपाशी

परवा माळ्यावरील खोकी उतरवताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मग हाती आला. त्यावर जर्मनीतील श्टुटगार्टचे नाव आणि २०११ हे साल आहे. तिथल्या नाताळच्या बाजारात गरम मसालेदार वाइन, म्हणजे ग्लूवाइन, अशा मगांतून देतात. मगासाठी अनामत घेतात आणि तो परत केला की पैसे परत मिळतात. मी घेतले होते ते लहान मुलांसाठीचे फळांच्या रसाचे पेय, पण मग मात्र मी परत केला नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिथे राहायला गेलो होतो. चोवीस डिसेंबरला शनिवार होता. दुकाने दुपारी दोनला बंद होतात, पंचवीस आणि सव्वीस हे दोन्ही दिवस सुट्टीचे असतात आणि त्यामुळे दूध आता थेट मंगळवारी मिळणार, हे मला तीन वाजता रिकामी पिशवी घेऊन बंद दारासमोर उभी राहिल्यावर कळले. रस्त्यावर माणूस नव्हते आणि प्रत्येक खिडकीत मात्र दिवा होता.

खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण राहत असे. तोपर्यंत आमचा संबंध केवळ ‘केरवोख’पुरता होता. त्या भागात जिना झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी लटकते. माझ्या पहिल्याच पाळीनंतर तिने मला पायरीच्या कोपऱ्यातली धूळ बोटाने दाखवली होती. त्या दिवशी तिने जिन्यात माझी रिकामी पिशवी पाहिली, काही न बोलता आत जाऊन अर्धा लिटर दूध आणून दिले आणि सहा वाजता जेवायला येण्यास सांगितले.

चोवीसच्या रात्री तिकडे पुष्कळ घरांत बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज असा अगदी साधा बेत असतो. आम्ही शाकाहारी असल्याचे तिला सांगायचे कसे, या विवंचनेत आम्ही खाली गेलो, तर एका वाडग्यावर ‘मांसाविना’ अशी जर्मनमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती. श्वाबियन, म्हणजे त्या भागातल्या, पद्धतीच्या या सॅलडमध्ये एरवी मांसाचे सूप घालतात. आमच्यासाठी तिने भाज्यांचे सूप घालून ते वेगळे केले होते. वर्गीकरण करून टाकलेल्या आमच्या कचऱ्यात कधी हाड दिसले नाही, यावरून तिने हा अंदाज बांधला होता! झाडावर खऱ्या मेणबत्त्या होत्या आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली होती. तिने आधी बादली तपासली आणि मगच काडी ओढली. तिचे गाणे झाल्यावर आमची पाळी आली. दिवे लागलेले पाहून आम्हाला दुसरे काहीच सुचले नाही, तेव्हा आम्ही दोघांनी हात जोडून शुभंकरोती म्हटली.

आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

वसईचा पाहुणा

ताई, आपण दाराबाहेर उभ्या होतात, पण माझे नेमके उलटे झाले. आम्ही वसईचे ख्रिस्ती. सण आमचाच होता आणि भोवतालचे जग मात्र कामावर गेले होते. मस्कतला अकरा वर्षे काढली, त्यांतील बहुतेक पंचवीस डिसेंबर कचेरीत गेले, कारण तिकडे त्या दिवशी सुट्टी नसते. गावी आदल्या आठवड्यापासून घरात पाय ठेवायला जागा नसायची. एका कोपऱ्यात येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्यासाठी पेरलेले हिरवे कोंब वाढत असायचे आणि दुसऱ्या कोपऱ्यात आई, काकू आणि शेजारच्या बायका कलकल, म्हणजे रेघा उमटवून तळलेला नाताळचा फराळ, वळत बसायच्या. कलकल वळण्यासाठी दरवर्षी नवा कोरा कंगवा आणला जाई आणि त्याला केसांचा हात लावणाऱ्याला ओरडा बसे.

मस्कतमध्ये पहिल्या वर्षी आम्ही चौघे खोलीभाऊ काट्याच्या पाठीवर कलकल वळत बसलो होतो. पीठ सैल झाले होते, त्यामुळे एकावरही नीट रेघ उमटली नाही, तरी सगळी तळली. रुवीच्या चर्चमध्ये मल्याळी, कोकणी, फिलिपिनो अशी सगळी गर्दी असायची आणि आवारात उभे राहून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकावी लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट झोपेत कचेरीत पोचलो, तर शेजारच्या टेबलावरील ओमानी सहकाऱ्याने हलव्याचा डबा आणि काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास माझ्या टेबलावर मांडून ठेवला होता. माझा सण आहे हे त्याला कोणी सांगितले, ते त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. तो हलवा चमच्याने न खाता बोटांनी खायचा असतो, हेही त्यानेच शिकवले.

जाता जाता, ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. ते १७३९ मध्ये वसईतून गेले, शब्द मात्र राहिला.

निशीकासाई

टोकियोत पंचवीस तारखेला सुट्टी नसते, पण रोषणाई इतकी असते की आपणच काहीतरी विसरलो आहोत असे वाटते. तिथे ही संध्याकाळ मुख्यतः प्रेमी जोडप्यांची मानली जाते. कुटुंबाने एकत्र जमायचे ते नववर्षाला. जेवणात केएफसीचे तळलेले चिकन असते. १९७४ मध्ये त्या कंपनीने केलेल्या जाहिरातीपासून ही प्रथा रुजली आणि आता लोक कितीतरी दिवस आधी मागणी नोंदवतात. हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही चोवीसच्या संध्याकाळी मुलाला घेऊन सहज गेलो आणि रांग पाहून सहजच परतलो. शेवटी स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा पांढरा केक आणला आणि घरी पिठले केले. मुलाच्या मते जपानी नाताळाचे जेवण म्हणजे पिठले आणि केक. शाळेत त्याने तसे चित्रही काढले. सव्वीसच्या सकाळी नाताळची सगळी झाडे गायब होऊन दारोदारी बांबूचे कादोमात्सु, म्हणजे नववर्षाची सजावट, उभे राहतात, तो झपाटा मात्र पाहण्यासारखा असतो.

भर उन्हातला

मेलबर्नमध्ये नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, त्यामुळे सांताचा लोकरी पोशाख घातलेल्या माणसाची दया येते. आमचे खरे लक्ष सव्वीस तारखेकडे असते, कारण त्या दिवशी एमसीजीवर बॉक्सिंग डे कसोटी सुरू होते. वडील पुण्याहून आले, तेव्हा शेजाऱ्यांनी पंचवीसला अंगणात थंडगार कोळंबी आणि पावलोवा नावाचा गोड पदार्थ असा बेत करून बोलावले होते. वडिलांनी दोन्ही खाल्ले, पण सगळा वेळ खेळपट्टीवर बोलत राहिले आणि यजमानालाही तेच हवे होते.

अर्धवट डॉक्टर

मी रशियातील कझानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होतो. पंचवीस डिसेंबरला आमची शरीरशास्त्राची चाचणी होती. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळते, ती तेरा दिवस मागे असल्यामुळे नाताळ सात जानेवारीला येतो. मोठा सण नववर्षाचा. सजवलेले झाडही नववर्षाचेच म्हणतात, कारण सोव्हिएत काळात आधी ते बंद झाले होते आणि १९३५ मध्ये नववर्षाचे झाड म्हणून परत आले. चाचणीत मी नापास झालो. वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या आजींनी माझा चेहरा पाहून दोन संत्री माझ्या कोटाच्या खिशात कोंबली आणि लगेच बुटांना चिकटलेल्या बर्फावरून मला झापले.

वसईचा पाहुणा

@अर्धवट डॉक्टर, म्हणजे दोन नाताळ आणि एक नापास! पुढल्या वेळी चाचणी पार पडली का?

@खिडकीपाशी, त्या बटाट्याच्या सॅलडची कृती द्याल का? आमच्या घरी यंदा एक शाकाहारी सून आली आहे.

खिडकीपाशी

अवश्य. बटाटे सालासकट उकडून गरम असतानाच सोलून पातळ चकत्या कराव्यात आणि त्यावर भाज्यांचे गरम सूप, व्हिनेगर, थोडी तयार मोहरीची चटणी, बारीक चिरलेला कांदा आणि शेवटी तेल घालावे. ढवळताना चपचप आवाज आला पाहिजे, अन्यथा ते कोरडे झाले असे समजावे. फोडणी मात्र देऊ नये. मी एकदा दिली आणि नवऱ्याने पोळी मागितली.