मदत हवी आहे: आईबाबांना जूनमध्ये मॉन्सल ट्रेलवर रानफुलं दाखवायची आहेत

नीलमोहर

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे मँचेस्टरला येताहेत. बाबा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. गणपती उठले की कासला जायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. राजवाडे, संग्रहालयं यांत त्यांना फारसा रस नाही. फोनवर एकच म्हणणं असतं, "तुमच्याकडची रानफुलं दाखव." म्हणून डर्बीशायरमधल्या मॉन्सल ट्रेलवर न्यायचं ठरवलंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ही मिडलंड रेल्वेची जुनी लाइन. १८६३ मध्ये सुरू झाली, १९६८ मध्ये बंद पडली. रूळ निघाले आणि १९८१ पासून लोक त्यावरून चालू लागले. बोगदे मात्र २०११ मध्ये खुले झाले. बेकवेलपासून बक्स्टनच्या अलीकडे ब्लॅकवेल मिलपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे साधारण चौदा किलोमीटर. एकेकाळी आगगाडी जायची, त्यामुळे चढ जवळपास नाहीच.

आईसाठी हेच महत्त्वाचं. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर, मध्ये मध्ये बसत, दोनअडीच किलोमीटर ती आनंदाने चालते. उतार मात्र नको म्हणते. फुलं भरपूर आणि चालणं बेताचं, असा टप्पा कोणता? शिवाय तिला फुलांपेक्षा पक्ष्यांची आवड जास्त. आईला गाडीत बसवून ठेवून आम्ही दोघं फुलं बघत हिंडतोय, असं मला अजिबात करायचं नाही.

आणखी एक. गेल्या जूनच्या शेवटी ट्रेलवरच्या जुन्या मिलर्स डेल स्टेशनजवळ एक ऑर्किड दिसलं होतं. वीतभर दांडा, त्यावर फिकट जांभळ्या फुलांचा भरगच्च तुरा. प्रत्येक फुलाच्या खालच्या पाकळीचे तीन भाग आणि त्यावर गडद जांभळ्या तुटक रेघांची वळणदार नक्षी. पानांवर काळपट डाग. ॲप एका फोटोला अर्ली पर्पल म्हणतं, दुसऱ्याला कॉमन स्पॉटेड. बाबा पहिला प्रश्न हाच विचारणार, "कशावरून?" तेव्हा जाणकारांनी नावासोबत कारणही सांगावं, ही विनंती.

घाटवाट

कॉमन स्पॉटेड ऑर्किड. कशावरून, तर पानावरचे डाग बघा. अर्ली पर्पलचे डाग पानाच्या लांबीच्या दिशेने ओढल्यासारखे असतात, कॉमन स्पॉटेडचे आडवे. दुसरा पुरावा तारखेचा. अर्ली पर्पल एप्रिल-मेमध्ये फुलतं, जून संपता संपता ते आटोपलेलं असतं. तिसरा तुम्हीच दिलाय: तीन भागांची पाकळी आणि तुटक रेघा. फक्त एक सावधगिरी. कॉमन स्पॉटेडचे त्याच्या जवळच्या जातींशी संकर होतात, त्यामुळे एखादं झाड वर्णनात बसत नसेल तर ओढून ताणून नाव चिकटवू नका.

तिथे ती एवढी का येतात, हे बाबांना नक्की आवडेल. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते. मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. रेल्वेने चुनखडीचा डोंगर कापला, दोन्ही बाजूंना उघडा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर राहिला. खत नाही, नांगर नाही. अशा भुकेल्या जमिनीत गवत माजत नाही, म्हणून नाजूक फुलांना जागा मिळते. कासला जांभा, इथे चुनखडी. खडक वेगळा, पण पातळ माती दोन्हीकडे.

त्यांना यलो रॅटल जरूर दाखवा. पिवळं, चोचीसारखं फूल, आणि सुकलेली फळं हलवली की आत बिया खुळखुळतात. स्वतः हिरवं असूनही शेजारच्या गवताच्या मुळांतून रस ओढतं. कासची तुतारी याच कुळातली आणि तीही अर्धपरजीवी. हे सांगितलंत की बाबा गुडघे टेकून बघायला बसतील.

रानवारा

नीलमोहर, मी डर्बीला राहतो आणि आमचं तिकडे जाणं सतत असतं. सरळ मिलर्स डेल स्टेशन गाठा. गाडी लावायची जागा ट्रेलला लागूनच आहे, स्वच्छतागृह आहे, चहापाणी मिळतं. जुन्या फलाटापासूनच फुलं सुरू होतात, त्यामुळे काकू जिथे थकतील तिथून परत फिरलं तरी काही चुकत नाही. जवळच चुन्याच्या जुन्या भट्ट्या आहेत. तिथली बंद पडलेली दगडाची खाण आता डर्बीशायर वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे, जूनमध्ये तिच्यात ऑर्किडं असतात.

त्या दिवसांत बर्ड्स-फूट ट्रेफॉइलचे पिवळे गालिचे असतील, ऑक्सआय डेझी असेल, खडकाला बिलगलेलं रॉकरोझ आणि गडद किरमिजी ब्लडी क्रेन्सबिल. रॉकरोझ दिसलं की दोन मिनिटं तिथेच थांबा. ब्राउन आर्गस नावाच्या चिमुकल्या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या त्याच झाडावर वाढतात. ढग असले तर फुलपाखरं बसून राहतात, त्यामुळे ऊन पडण्याची वाट बघा. सकाळी अकरानंतर बरं.

दरीच्या काठावरच्या मॉन्सल हेडवरून ट्रेलच्या जुन्या रेल्वेपुलाचं दृश्य सगळे सांगतील. ते वरूनच बघा. तिथून ट्रेलवर उतरणारी पायवाट काकूंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. ही रेल्वे झाल्यावर इंग्रज लेखक जॉन रस्किनने दरीचा नाश झाला म्हणून कडाडून टीका केली होती. आज तोच पूल संरक्षित वास्तू आहे.

मोठे बोगदे प्रत्येकी साधारण चारशे ते पाचशे मीटर लांब आहेत. दिवसा दिवे असतात, पण आत गारठा असतो आणि पाणी ठिबकतं. स्वेटर हाताशी ठेवा. सायकलवाले वेगात येतात, फुलाचा फोटो घेताना वाटेच्या मधोमध बसू नका.

पाणकोंबडी

काकूंच्या पक्ष्यांबद्दल लिहिते. ट्रेल नदीच्या बराच वर असल्यामुळे पाणपक्षी वरून नीट दिसत नाहीत. त्यासाठी दुपारी बेकवेल गावात वाय नदीकाठी जा, तिथे अगदी सपाट आहे. पाणी इतकं नितळ की पुलावरून ट्राउट मासे मोजता येतात.

डिपर शोधा. काळपट तपकिरी, गुबगुबीत, छाती पांढरीशुभ्र. दगडावर उभा राहून सारखा उठाबशा काढतो आणि मग चक्क पाण्याखाली जाऊन तळातले किडे टिपतो. वाहतं पाणी आणि मधे दगड, अशा जागी नजर ठेवा. गावात गर्दी फार असेल तर तो दिसेलच असं नाही, पण थोडं बाजूला सरकून शांत बसलात तर शक्यता चांगली. लांब शेपटी हलवणारा, पोटाखाली पिवळा तो ग्रे वॅगटेल, म्हणजे थंडीत आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांवर येणारा करडा धोबी. आणि निळा खंड्या तर आपलाच छोटा खंड्या, जातही तीच. काकूंना इथे ओळखीचं कुणीतरी भेटेल.

नीलमोहर

घाटवाट, रानवारा, पाणकोंबडी, तिघांचेही मनापासून आभार. फोटो पुन्हा उघडून पाहिला. डाग आडवेच आहेत. बाबांना आज रात्रीच कळवते.

आता एक नाजूक प्रश्न. बाबा कुठेही गेले की एखादी फांदी, एखादं फूल वर्तमानपत्रात दाबून आणतात. घरी अशी मोठी बाडं आहेत, गावाचं नाव आणि तारीख लिहिलेली. इथे चालतं का? नाही म्हणायचं असेल तर ते येण्याआधीच सांगितलेलं बरं, तिथे ऐन वेळी हात धरायला नको. आणि त्यांनी एक नाव कुठूनतरी वाचून ठेवलंय, जेकब्स लॅडर. ते या ट्रेलवर नक्की भेटेल का?

घाटवाट

जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. राखीव जागेत फूलही तोडू नये. पण बाबांचं काम फोटोंवर भागू शकतं, फक्त ते हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शिस्तीने काढायचे: पूर्ण झाड, खोडाजवळचं पान, फूल समोरून, फूल बाजूने, शेजारी मापाला पट्टी. दहापट भिंग सोबत द्या. तारीख आणि जागा त्यांनी वहीत नेहमीसारखीच लिहावी. उंच गवतात बसणार असतील तर पायजमा मोज्यात खोचायला सांगा, गोचिडी असतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे बघायला विसरू नका.

रानवारा

जेकब्स लॅडर डर्बीशायरचं जिल्हाफूल मानलं जातं. निळंजांभळं, पानाच्या पर्णिका शिडीच्या पायऱ्यांसारख्या समोरासमोर. ट्रेलवर त्याच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी जवळच्या लॅथकिल डेल या दरीच्या वरच्या भागात, मोन्याश गावाकडून जायचं. जून-जुलैमध्येच फुलतं, म्हणजे तुमची वेळ अचूक जुळतेय. पण ती वाट मोठमोठ्या दगडांची आहे, काकूंना नेऊ नका. एखाद्या सकाळी बाबांना एकट्यालाच घेऊन जा. पाऊस पडून गेला असेल तर तो दिवस सोडा, ओली चुनखडी फार निसरडी होते.