तेल तापलं की मिनी एक्स्कॅव्हेटरचा दम जातो

प्रश्न : साडेतीन टनी मशीन, ७,२०० तास झालेत. सकाळी मुरूम मस्त खोदते. अकरानंतर बूम (बकेट उचलणारा मोठा हात) रडत रडत वर जातो, ट्रॅकही ओढत नाहीत. फिल्टर नवा, हायड्रॉलिक तेलाची पातळी बरोबर. मेकॅनिक म्हणतो रिलीफ (तेलाचं प्रेशर ठरावीक मर्यादेवर रोखणारा व्हॉल्व्ह) आवळू. आवळू द्यावं का?

उत्तर : हात लावू देऊ नका दादा! थंडपणी जोर येतोय, म्हणजे सेटिंग ठीक आहे. आवळलं तर होज फुटेल किंवा पंप जाईल. ४०० बारपर्यंत प्रेशर दाखवणारा गेज टेस्ट पोर्टला (प्रेशर मोजायच्या तोंडाला) लावा. त्याआधी बकेट टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून प्रेशर उतरवा. मग इंजिन चालू करून बूम शेवटपर्यंत नेऊन धरा, थंड आणि गरम दोन्ही आकडे लिहा. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक धारही कातडीत घुसते, तसं झालं तर लगेच दवाखाना गाठा.

दुसरं उत्तर : तेल कुठल्या ग्रेडचं? ४६ च्या जागी ३२ (पातळ ग्रेड) पडलं असेल तर उन्हात पाण्यासारखं होतं. टाकीत फेस दिसला तर हवा शिरतेय, सक्शनची (टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची) क्लिप बघा.

प्रश्नकर्ता : तेल ४६, फेस नाही. सकाळी २१०, दुपारी १४५ बार. रिलीफ काढून धुतला, सीट स्वच्छ होती, फरक नाही.

उत्तर : बूम आणि ट्रॅक दोन्ही मेले, म्हणजे पंपाचा संशय दाट. केस ड्रेनची नळी (पंपाच्या आत गळलेलं तेल टाकीत परत नेणारी) डब्यात सोडा, तोंड दाबू नका.

प्रश्नकर्ता : गरम तेलाची अंगठ्याएवढी धार आली, तळाशी पितळी चकाकी, म्हणजे पंप आतून झिजलाय. पंप उतरवलाय. टाकी आणि कूलर धुऊनच नवा बसवतो.