नोंदणीकृत पण मान्यता नसलेला पक्ष: राज्य पातळीवर बांधणी कशी करायची?

कोरीपाटी:
पक्ष केंद्रीय निवडणूक आयोगाकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली नोंदलेला आहे, मान्यता (राज्य किंवा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा) नाही. महाराष्ट्रात सात-आठ जिल्ह्यांत बऱ्यापैकी माणसं आहेत, बाकीकडे नुसते फोन नंबर. आता राज्य कार्यकारिणी करायची आहे. पदं किती ठेवावीत? आधी जिल्हाध्यक्ष नेमायचे की बूथपासून सुरुवात करायची? चिन्ह, एबी फॉर्म (उमेदवार पक्षाचाच असल्याचे कागद), हिशेब यांत राज्य शाखेने नेमकं काय बघायचं?

दप्तरदार:
पदं नंतर. आधी नोंदणीच्या वेळी आयोगाला दिलेली पक्षाची घटना काढून वाचा. प्रदेशाध्यक्ष निवडायचा की नेमायचा, मुदत किती, उमेदवारी कोण ठरवणार, सही कोणाची चालणार, हे तिथे जे लिहिलंय तेच खरं. मधे दुरुस्ती केली असेल तर ती आयोगाच्या दप्तरी गेली आहे का तेही बघा. शिवसेनेच्या अपात्रता प्रकरणात विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ च्या निकालात २०१८ ची दुरुस्ती बाजूला ठेवून आयोगाच्या दप्तरी असलेली १९९९ ची घटनाच धरली. एवढ्या मोठ्या पक्षाची ही गत, तर आपलं काय!

पदाधिकारी किंवा कार्यालयाचा पत्ता बदलला की केंद्रीय कार्यालयामार्फत आयोगाला लगेच कळवायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ पक्ष यादीतून काढले. २०१९ पासून एकही निवडणूक लढवली नाही आणि पत्त्यावर पक्ष सापडला नाही, हीच कारणं. पत्ता असा द्या की टपाल घ्यायला कोणीतरी असेल.

कार्यकारिणी बारा जणांची पुरे. अध्यक्ष, दोन सरचिटणीस (एक संघटनेला, एक कार्यालय आणि निवडणुकीला), खजिनदार, सहा महसुली विभागांचे सहा संघटक, महिला आणि युवक आघाडीचा एकेक. उपाध्यक्षांची रांग लावू नका; काम न देता पद दिलं की माणूस लेटरहेड छापतो आणि परस्पर पत्रकं काढतो. नियुक्तिपत्रावर मुदत (एक वर्ष), कार्यक्षेत्र आणि ‘पक्षाच्या वतीने आर्थिक व्यवहाराचा अधिकार नाही’ हे वाक्य हवंच.

छत्तीसच्या छत्तीस जिल्हे भरायचा मोह टाळा. जिथे माणसं नाहीत तिथे तीन जणांची तदर्थ समिती करा, तेवढीही नसतील तर जागा रिकामी ठेवा.

यादीभाग:
वरच्यात एक भर. एकक म्हणून तालुका नको, विधानसभा मतदारसंघ धरा. दोन्हींच्या हद्दी जुळत नाहीत, मग एकाच बूथवर दोन तालुकाध्यक्ष हक्क सांगतात आणि मतदानाच्या दिवशी दोघेही गायब! तालुका, जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण (तिथले मतदारसंघ) स्थानिक निवडणुकीपुरते वेगळे लावा.

मान्यताप्राप्त पक्षांना मतदार यादी फुकट मिळते आणि बूथ पातळीवरचे प्रतिनिधी अधिकृतपणे नेमता येतात. आपल्याला दोन्ही नाही. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून यादीभागनिहाय (एका बूथची यादी म्हणजे एक भाग) पीडीएफ उतरवा आणि प्रत्येक भागाला त्याच यादीतले दोन मतदार शोधा. दोन, कारण मतदान प्रतिनिधी सकाळच्या मॉक पोलपासून (चाचणी मतदानापासून) बसतो आणि त्याला सोडवणारा कोणीतरी लागतो.

शाईचीसही:
चिन्हाचं गणित राज्य शाखेने पाठ करावं. विधानसभेला सर्व उमेदवारांना एकच चिन्ह हवं असेल तर किमान ५ टक्के जागा लढवाव्या लागतात. २८८ चे ५ टक्के १४.४, म्हणजे पंधरा. अर्जात मुक्त (कोणत्याही पक्षाला राखीव नसलेल्या) चिन्हांतली दहा चिन्हं पसंतीक्रमाने द्यायची. सभागृहाची मुदत संपायच्या सहा महिने आधी खिडकी उघडते आणि आधी येईल त्याला आधी मिळतं, म्हणून पहिल्या दिवशीच अर्ज द्या. लेखापरीक्षित हिशेब थकलेले असतील तर तिथेच अडाल.

आता एबी फॉर्म. ए मध्ये सही कोणाची चालेल ते, बी मध्ये उमेदवार कोण ते. दोन्ही उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत. ए ची एक प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनाही. सही शाईचीच हवी; रबरी शिक्का, झेरॉक्स, फॅक्स चालत नाही. म्हणजे पंधरा जागांना पंधरा मूळ ए अधिक एक, सगळे हाताने सही केलेले. ते मुंबईत ठेवून शेवटच्या रात्री गाडीने पाठवणं हा आत्मघात आहे. सही केलेले ए आठवडाभर आधी विभागीय संघटकाकडे द्या. कोऱ्या बी वर सही मात्र कधीही नको. एकाच जागी दोघांना बी गेला आणि आधीचा रद्द केल्याचं दुसऱ्यात लिहिलेलं नसलं, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो पक्षाचा ठरतो.

आपल्या उमेदवाराला सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार) दहा लागतात, त्याच मतदारसंघातले. मान्यताप्राप्त पक्षाला एक पुरतो. बारा-तेरा जण उभे करा, यादीतला अनुक्रमांक चुकला की एखादा गळतोच. दहा सूचक आहेत पण बी फॉर्म पोचला नाही, तर माणूस अपक्ष म्हणून राहतो.

कोरीपाटी:
धन्यवाद. जिल्हा परिषद, नगरपालिकेलाही हीच नोंदणी चालते का? आणि देणग्यांची पावती पुस्तकं जिल्ह्यांना द्यावीत का?

दप्तरदार:
नाही चालत. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याच्याकडे स्वतंत्र नोंदणी लागते. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होतच नाही, तिथे पॅनेल करा.

पावती पुस्तकं द्या, पण क्रमांक टाकून, नोंदवहीत सही घेऊन. आधीच्या पुस्तकाची स्थळप्रत परत आल्याशिवाय नवं नाही. २,००० रुपयांवर रोख घेतली तर पक्षाची आयकर सवलत धोक्यात येते. वर्षात २०,००० च्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, पॅन नमुना २४अ मध्ये (आयोगाला द्यायच्या देणग्यांच्या अहवालात) जातं. जिल्ह्याने वेगळं बँक खातं उघडलं असेल तर ते पक्षाच्या एकत्रित हिशेबात आलंच पाहिजे, म्हणून शक्यतो राज्याचं एकच खातं ठेवा आणि जिल्ह्याला खर्चासाठी उचल द्या. विधानसभेनंतर पक्षाचं खर्चाचं विवरण ७५ दिवसांत जातं, उमेदवाराचं ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही, त्यामुळे त्याची बिलं मतमोजणीच्या आधीच गोळा करा.