मदत हवी आहे: व्हिडिओ गेमवर अक्षरं चुकीची दिसतायत, अ‍ॅड्रेस लाइन गेलीय का?

नमस्कार मंडळी. माळा आवरताना लहानपणीचा टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम सापडला, फॅमिकॉमची (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) क्लोन, ६० पिनांची कॅसेट लागते तो. उघडला तर नशिबाने आत काळा ठिपका (सगळ्या चिप एकत्र झाकणारा डांबरासारखा गोळा) नाही, सुट्या चिप आहेत: सीपीयू यूए६५२७पी, पीपीयू (चित्र काढणारी चिप) यूए६५३८, २ केबीच्या दोन रॅम आणि एक ७४एलएस३७३. आवाज येतो, पॅड चालतं, म्हणजे सीपीयूच्या १६ अ‍ॅड्रेस लाइन (मेमरीतली कुठली जागा वाचायची ते सांगणाऱ्या तारा) ठीक असाव्यात असं धरलंय. घोळ फक्त चित्रात आहे.

सुपर मारिओ लावला तर मारिओच्या नावात आरच्या जागी क्यू, टाइममधल्या टीच्या जागी एस, आणि वर्ल्ड १-१ चं चक्क ०-० 😅 मारिओ चालायला लागला की त्याची उजवी बाजू म्हणजे परत डावीच. मग टाइलचे (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे, एक अक्षर म्हणजे एक टाइल) नंबर कागदावर मांडले (आधी ० ते ९, मग ए पासून पुढे) तर सम नंबरची टाइल बरोबर येते आणि विषम आली की तिच्या आधीची दिसते. एक टाइल १६ बाइटची, म्हणजे नंबरातला शेवटचा बिट पीपीयूच्या ए४ लाइनवर पडतो आणि तो कायम ० वाचला जातोय. इथपर्यंत बरोबर ना?

पुढे अडलोय. पीपीयूच्या खालच्या ८ लाइनींवर आधी अ‍ॅड्रेस येतो मग त्याच तारांवर डेटा, आणि मधल्या वेळात अ‍ॅड्रेस धरून ठेवायचं काम ३७३ चं, म्हणून पहिला संशय त्याच्यावरच, उपटायलाच घेतला होता. पण हाच ए४ चित्राच्या रॅमलाही (कुठल्या जागी कुठली टाइल हे तिथे असतं) जातो ना, आणि तिथे तो पडद्याचा रकाना ० ते १५ मधला की १६ ते ३१ मधला हे ठरवतो. ३७३ मेला असता तर उजवा अर्धा पडदा डाव्याची कॉपी दिसला असता. तसं काहीच नाही, जागा सगळ्या बरोबर. दुसरी कॅसेट लावली तरी हेच. मग दोष नेमका कुठे धरू?

प्रतिसाद: विचार बरोबर आहे, ३७३ ला हात लावू नका. रॅमपर्यंत ए४ पोचतोय, कॅसेटपर्यंत नाही, म्हणजे स्लॉटकडे जाणारा फाटा तुटलाय. पॉवर काढून ३७३ च्या पायापासून स्लॉटच्या पिनेपर्यंत कंटिन्युइटी (तार सलग आहे का, असली की मीटर बीप देतो) बघा, पण मीटरचं स्लॉटकडचं टोक सोल्डरच्या डागावर नको, स्लॉटच्या आतल्या पत्तीवर टेकवा.

धागाकर्ता: सापडलं! डागापर्यंत बीप, पत्तीवर शांत, आणि स्लॉट जरा दाबला की परत बीप. भिंगातून बघितलं तर पिनेभोवती केसाएवढी गोल चीर. नवा डाग दिला, वर्ल्ड १-१ आलं. आता बी बटण चिकटतंय, त्याचा वेगळा धागा काढतो.