आरएक्स 100 : पिस्टन किट टाकण्याआधी झिजेचे कारण कसे शोधावे?

फैजपूरकर

नमस्कार. वडिलांनी 1992 साली घेतलेली यामाहा आरएक्स 100 ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आमच्या घरी आजही रोज वापरात आहे. तिचा बहुतेक प्रवास गावातून केळीच्या मळ्यापर्यंतचाच असतो, पण तो काळ्या मातीच्या गाडरस्त्याने होतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या रस्त्यावर घोटाभर धूळ असते. खिरोद्याकडून पालला जाताना जो चढ ती पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढत असे, तिथे ती आता दुसऱ्यातही कुंथते. सकाळी दुसऱ्या किकला चालू होते, मात्र गरम झाल्यावर बंद केली की किक मारून पाय दुखतो. थंड असताना सिलिंडरमधून टक्-टक् आवाज येतो, गरम झाल्यावर तो कमी होतो. सिग्नलला थांबल्यावर कधी कधी रेस आपोआप चढते आणि लवकर उतरत नाही. धूर पांढरट आहे, आणि इंजिनाखाली थेंबही दिसत नसताना गिअर ऑइलची पातळी खाली जाते.

गॅरेजमध्ये सांगितले की हा उन्हाळ्याचा परिणाम आहे, बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) किट, म्हणजे नवा पिस्टन आणि रिंगा, टाका म्हणजे काम झाले. ब्लॉक (सिलिंडर) याआधीच 0.50 मिलिमीटरपर्यंत वाढवलेला असल्यामुळे आता 0.75 आणि 1.00 ही दोनच मापे शिल्लक आहेत, म्हणून घाई करायची नाही. इंजिन उघडण्याआधी काय तपासावे आणि क्रँक केस (पिस्टनखालचा, क्रँक फिरतो तो इंजिनाचा भाग) फोडावी, म्हणजे उघडावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फिटर, भुसावळ

भाऊ, घाई न करण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. तुम्ही एका तक्रारीत तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. थंडपणी होणारा आवाज आणि कमी झालेली ओढ हे पिस्टन व बोअर झिजल्याचे लक्षण आहे. आपोआप चढणारी रेस म्हणजे कुठून तरी फालतू हवा आत शिरते आहे. आणि बाहेर न गळता कमी होणारे गिअर ऑइल बहुधा क्लचकडच्या, म्हणजे उजव्या, क्रँक सीलमधून (क्रँकभोवतीच्या रबरी कड्यातून) आत ओढले जाऊन पेट्रोलबरोबर जळते आहे, त्यामुळेच धूर पांढरट आहे. नुसते किट टाकले तर पहिली तक्रार काही महिने मिटेल, बाकीच्या दोन नव्या पिस्टनलाही खातील.

उन्हाळ्याला दोष देणे मला पटत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा हवा विरळ होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण उलट वाढते. सिलिंडर थंड होण्यास त्रास होतो हे खरे, पण मिश्रण कोरडे पडण्याचा (पेट्रोल कमी पडण्याचा) धोका डिसेंबरच्या थंड सकाळी अधिक असतो.

आधी गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, प्लगच्या भोकात गेज लावून मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत किक मारा. निरोगी इंजिनात काटा साधारण 120 पौंडांच्या (दर चौरस इंचाला) आसपास जातो. 90 च्या खाली राहिला तर रिंगा आणि बोअर गेलेले समजावे.

त्यानंतरची चाचणी गॅरेजमध्ये क्वचितच कोणी करते, पण टू-स्ट्रोकमध्ये मी तिला कॉम्प्रेशनपेक्षा जास्त महत्त्व देतो, कारण इथे पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँक केसमध्ये दाबले जाते आणि मगच वर जाते. कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी रबरी बूच घट्ट बसवा, सायलेन्सर काढून ते तोंडही ट्यूबच्या रबराने बंद करा आणि पेट्रोलबरोबर जळणारे टू-टी ऑइल पुरवणाऱ्या पंपाकडून येणारी बारीक नळी चिमटून ठेवा. प्लगच्या भोकात नळी बसवून तिला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगा आणि डायल जोडा. पिस्टन खाली ठेवून डायल 300 पर्यंत (पाऱ्याचे मिलिमीटर) न्या, म्हणजे जवळपास 6 पौंड दाब होतो. मिनिटाला 50 पेक्षा जास्त काटा उतरला तर गळती आहे. साबणाचे पाणी ब्लॉकच्या खालच्या गॅस्केटला, रीड वाल्व्हच्या (कार्ब्युरेटरमागच्या पात्यांच्या झडपेच्या) जोडावर आणि डावीकडे मॅग्नेटमागच्या सीलला लावा; बुडबुडे आले तिथे गळती. उजवे सील तपासायचे असेल तर गिअर ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

लेथवाला, धुळे

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. हेड आणि ब्लॉक काढल्यावर पिस्टन लगेच भंगारात टाकू नका, तो नीट वाचा. एक्झॉस्टकडच्या बाजूला चिकटल्याच्या खुणा असतील तर अति उष्णता किंवा कोरडे मिश्रण; चारही कोपऱ्यांवर असतील तर थंड इंजिनावर एकदम ताण दिलेला आहे; आणि इनटेककडची (कार्ब्युरेटरकडची) बाजू राखाडी, उभ्या बारीक चरांची झाली असेल तर धूळ आत गेलेली आहे. काळ्या मातीच्या पट्ट्यातून येणारे जे ब्लॉक मी पाहतो त्यांत ही शेवटची खूण फार आढळते.

बोअर डोळ्यांनी ठरवू नये. डायल बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांना माप घ्यावे. पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर पुढचे माप घ्यावेच लागते. नवा पिस्टन आधी लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच्यावरूनच बोअर करून घ्या. किटच्या डब्यावर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट लिहिलेली असते ती पाळावी, एरवी या मापाला चार शतांश, म्हणजे दीड थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आसपास ठेवतात. बोअरनंतर पोर्टांच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) धारा हलक्या हाताने मोडल्या नाहीत तर नव्या रिंगा तिथे अडकून तुटतात, हे काम आवर्जून सांगून करून घ्यावे.

फैजपूरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॉम्प्रेशन 85 आले. फुगा जोडल्यावर काटा एका जागी थांबेचना आणि गिअर ऑइलच्या भोकावरचा साबणाचा पडदा स्पष्ट फुगला. ब्लॉक काढला तर पिस्टनची इनटेककडची बाजू तुम्ही लिहिली आहे तशीच राखाडी आहे. एअर फिल्टरच्या डब्यापासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबर खालच्या बाजूला, जिथे सहज दिसत नाही तिथे, बोट जाईल एवढे फाटलेले निघाले. कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ जाणवत नाही. तरीही केस फोडावी का?

लेथवाला, धुळे

माझ्या मते फोडावी. टू-स्ट्रोकमध्ये धूळ सिलिंडरमध्ये पोहोचण्याआधी क्रँकवरून जाते, म्हणजे जी धूळ पिस्टन खाऊ शकली ती कनेक्टिंग रॉडच्या खालच्या, मोठ्या टोकाच्या रोलर बेअरिंगमधून आधी गेलेली आहे. सील बदलण्यासाठी हात घालताच आहात, तर त्याच वेळी क्रँक धुऊन बेअरिंग कोरडे फिरवून पाहा; खरखर लागली तर रॉड किट आणि दोन्ही मेन बेअरिंगे घ्या. जुळवलेला क्रँक व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून फिरवा आणि डायल लावा, तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त लचक (वाकडेपणा) चालवून घेऊ नका, कारण वाकडा क्रँक नवे सील लवकरच फाडतो.

जुना फिटर, भुसावळ

जोडताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा, रिंगांची तोंडे खाचेतल्या पिनांवर बसली आहेत याची बोटाने खात्री करा आणि गजन पिनच्या (पिस्टन व रॉड जोडणाऱ्या पिनच्या) क्लिपा नव्याच वापरा. क्लिप बसवताना केसच्या तोंडात कापड कोंबलेले असू द्या. सायलेन्सरमधली जाळी काढून त्यातला काजळीचा थर साफ करा. पंपाची नळी काढली असल्याने तिच्यातली हवा काढावी लागेल, आणि पहिल्या टाकीला पंप चालू असतानाही लिटरमागे 20 मिली टू-टी पेट्रोलमध्ये मिसळावे.

पहिले 500 किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, पण वेग कमी-जास्त करत चालवा. पालचा घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखू नका, कारण थ्रॉटल मिटली की ऑइलही जवळजवळ मिटते. मधूनमधून ती थोडी उघडत राहा. फाटलेले रबर चिकटपट्टीने जोडू नका, नवेच बसवा, आणि मळ्यात जाणे रोजचे असेल तोवर फिल्टरचा स्पंज दर पंधरवड्याला धुऊन, ऑइलमध्ये भिजवून, पिळून लावा.